इंदूरच्या मराठी ख्रिस्ती भगिनींचा बायबल अभ्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बायका आम्हाला रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात विचारतात, फोनवर विचारतात, तर कधी बैठक संपल्यावर दारात चपला घालताना हळूच विचारतात. उत्तरं आमच्या आपसातल्या बोलण्यातून निघालेली आहेत. शास्त्रातले संदर्भ मुद्दाम दिले आहेत. आमचं म्हणणं तसंच मान्य करू नका, तिथे उघडून वाचा. आमचा आग्रह एकच आहे: जे वचन बाईला गप्प करण्यासाठी सांगितलं जातं, ते तिने त्याच्या अख्ख्या अध्यायासकट स्वतः वाचावं.

तुम्ही नेमक्या कोण? चर्चचा महिला संघ असताना हे वेगळं कशाला?

आम्ही इंदुरात राहणाऱ्या, घरात मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती बायका. कोणाचे आजोबा नगरहून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले, कोणाची आई जालन्याहून नर्स म्हणून आली, कोणी लग्न होऊन अकोल्याहून किंवा नागपूरहून आली. होळकरांमुळे या शहरात मराठी घरं जुनी आहेत. ख्रिस्ती मंडळीचा धागा मात्र वेगळा आहे. १८७७ मध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने इथे काम सुरू केलं आणि १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज उभं राहिलं. आज इथल्या बहुतेक चर्चमध्ये उपासना हिंदीत किंवा इंग्रजीत होते. त्यामुळे आमच्यातल्या अनेकींनी प्रवचन हिंदीत ऐकलं, रडू आलं ते मराठीत, आणि दोन्हींची गाठ पडेल अशी जागा नव्हती. तेवढ्यासाठी ही बैठक.

महिला संघाला हा पर्याय नाही. मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा जागतिक प्रार्थना दिन, नाताळाची तयारी, आजाऱ्यांच्या भेटी ही कामं आम्ही आपापल्या चर्चमधूनच करतो.

मला मराठी बोलता येतं, पण वाचता येत नाही. चालेल का?

चालेल. इंदुरात वाढलेल्या बऱ्याच जणींचं हेच आहे, शाळा हिंदीत किंवा इंग्रजीत झालेली असते. लिपी तर एकच आहे, त्यामुळे थोडं अडखळत का होईना, वाचता येतं. मोबाईलवर मराठी बायबल ऐकताही येतं. हिंदी बायबल आणलं तरी हरकत नाही. एकच उतारा हिंदीत आणि मराठीत लागोपाठ वाचला की अवघड वाक्य पुष्कळदा आपोआप सुटतं.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण करून द्यावीशी वाटते. पुण्याजवळच्या केडगावात मुक्ती मिशन चालवताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं, त्याच्या थोडंच आधी हे काम हातावेगळं झालं होतं. साध्या, कमी शिकलेल्या बाईला वाचता यावं ही त्यांची धडपड होती आणि छपाईचं काम मुक्तीतल्याच बायका-मुलींनी केलं. एका बाईने आपल्यासाठी एवढं करून ठेवलं आहे, तेव्हा "मला नीट येत नाही" म्हणून मागे राहू नका.

बैठकीत काय होतं?

आळीपाळीने कोणाच्या तरी घरी, दुपारी. एकच उतारा दोघी जणी मोठ्याने वाचतात. मग प्रत्येकीने आपण कुठे थबकलो ते सांगायचं. काही सांगायचं नसेल तर नाही सांगितलं तरी चालतं. प्रवचन नाही. शेवटी प्रार्थना आणि एखादं जुनं भजन. चहा आणि बिस्किटं, त्यापलीकडे काही करायचं नाही हा नियम आम्ही कडक पाळतो. जिच्या घरी बैठक ती स्वयंपाकघरात अडकली, तर तिचा त्या दिवशीचा अभ्यास बुडतो. लहान मुलं बरोबर आणा.

घरकाम, नोकरी, सासूबाईंचं औषधपाणी. बायबल वाचायला वेळच नाही. देव रागावेल का?

इंदूरच्या बाईचा दिवस कचरागाडीचं गाणं ऐकू यायच्या आत सुरू होतो. डबे, पाणी, मुलांची बस. येशू घरी आला तेव्हा कामात गुंतलेली मार्था आणि त्याच्या पायांशी बसलेली तिची बहीण मरीया यांची गोष्ट (लूक १०:३८-४२) अशा बाईला कोणी सांगितली की ती हमखास खजील होते, कारण गोष्टीचा अर्थ तिला असा सांगितलेला असतो की काम करणारी कमी आणि पायांशी बसणारी श्रेष्ठ.

पण नीट वाचा. प्रभूला घरात घेणारी मार्थाच आहे. तो तिला दोनदा नावाने हाक मारतो आणि म्हणतो की तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी करतेस. तिच्या जिवाची जी ओढाताण चालली आहे, तिच्यावर त्याचं बोट आहे. पुढे तिचा भाऊ लाजर मरण पावल्यावर योहान ११:२७ मध्ये "तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस" अशी कबुली देते ती हीच मार्था. पेत्राच्या कबुलीवर आपण किती प्रवचनं ऐकतो, मार्थेच्या कबुलीवर किती ऐकली? आणि त्यानंतरच्या अध्यायात, योहान १२:२ मध्ये, ती पुन्हा वाढते आहे. या वेळी तिला कोणी काही बोलत नाही.

व्यवहाराचं सांगायचं तर रोज एक स्तोत्र पुरे. पोळ्या लाटताना ऐकलं तरी ते वाचनच आहे. आणि घरातल्यांना सांगा की वाचनाच्या अर्ध्या तासात आजींना पाणी द्यायचं काम दुसरं कोणी करेल. हे सांगायला आमच्यातल्या काहींना फार वर्षं लागली, म्हणून आवर्जून लिहिते आहे.

पाळी चालू असताना चर्चमध्ये जावं का? प्रभुभोजन घ्यावं का? बायबलला हात लावावा का?

हो, तिन्ही करावं.

हा प्रश्न बायका सगळ्यांत दबक्या आवाजात विचारतात, म्हणून जरा सविस्तर. आपल्या मराठी घरांमध्ये बाजूला बसण्याची रीत होती आणि ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांतूनही ती पुरती गेली नाही. आजी चर्चला जायची नाही, म्हणून आई गेली नाही, म्हणून मुलगी जात नाही. कारण विचारलं तर लेवीय १५ व्या अध्यायाकडे बोट दाखवतात. तो अध्याय सुरुवातीपासून वाचा. त्यात पुरुषाच्या शरीरातून होणाऱ्या स्रावालाही अशुद्धतेचेच नियम आहेत, आणि ते आधी येतात. पुरुषांनी त्यावरून रविवारी घरी बसल्याचं आम्ही तरी ऐकलेलं नाही.

आता मार्क ५:२५-३४ घ्या. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई. वैद्यांपायी होतं नव्हतं ते सगळं खर्चून बसलेली. लेवीयच्या नियमाप्रमाणे ती ज्याला शिवेल तो अशुद्ध. ती गर्दीतून मागून येते आणि येशूच्या वस्त्राला शिवते. बरी होते. तिला तिथून गुपचूप निघून जाता आलं असतं, पण येशू थांबतो आणि मला कोण शिवलं म्हणून विचारतो. ती थरथरत पुढे येते आणि खरं ते सगळं सांगते. एवढ्या लोकांसमोर तो तिला "मुली" म्हणतो आणि तिचा विश्वास वाखाणतो. शिवल्याबद्दल एक शब्दही दोषाचा नाही. ही गोष्ट मत्तय आणि लूक यांनीही लिहून ठेवली आहे.

पोटात दुखत असेल, थकवा असेल, तर घरी आराम करा. तो शरीराचा प्रश्न झाला. पण अशुद्ध आहे म्हणून घरी बसू नका, आणि आपल्या मुलींना तर हे शिकवूच नका.

पौलाने लिहिलंय की स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं. मग तुम्ही शिकवता कशा?

ते वचन १ करिंथ १४:३४ मध्ये आहे आणि तसंच काहीसं १ तीमथ्य २:११-१२ मध्येही. ही वचनं पुसता येणार नाहीत, पुसायचीही नाहीत. त्यांच्या आजूबाजूला काय आहे ते मात्र पाहायचं. १ करिंथच्या त्याच अध्यायात आणखी दोघांना गप्प बसायला सांगितलं आहे: अर्थ सांगणारा कोणी नसेल तर अन्य भाषेत बोलणाऱ्याने (१४:२८), आणि दुसऱ्याला काही प्रकट झालं तर आधी बोलणाऱ्याने (१४:३०). करिंथच्या सभेत गोंधळ होता आणि पौल शिस्त लावत होता, एवढं तरी अध्याय वाचून स्पष्ट दिसतं. त्याच पत्रात थोडं आधी, ११:५ मध्ये, स्त्री प्रार्थना करते आणि संदेश देते हे तो गृहीत धरून चालतो. तिथे त्याचं बोलणं मस्तक झाकण्यापुरतं आहे, तोंड बंद ठेवण्याविषयी नाही.

रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात तो ज्यांची नावं घेतो ती वाचा: किंख्रियातल्या मंडळीची सेविका फिबी, आपल्या सहकारी म्हणून प्रिस्का (हीच प्रिस्किल्ला). प्रेषितांची कृत्ये १८:२६ मध्ये प्रिस्किल्ला आणि अक्विला मिळून अपुल्लोसासारख्या विद्वानाला मार्ग अधिक नीट समजावून देतात. फिलिप्पाच्या चार मुली संदेश देत (२१:९). जुन्या करारात योशिया राजाच्या काळात मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला तेव्हा त्याने माणसं पाठवली ती हुल्दा या संदेष्ट्रीकडे (२ राजे २२). आणि पुनरुत्थानाचा निरोप पहिल्यांदा पोचवला तो मग्दालीया मरीयेने (योहान २०:१८).

मंडळ्यांची मतं वेगवेगळी आहेत. कॅथलिक चर्चमध्ये स्त्रियांना धर्मगुरूपदाची दीक्षा देत नाहीत, चर्च ऑफ नॉर्थ इंडियात देतात, आणि चर्च ऑफ साऊथ इंडियात २०१३ मध्ये नंद्यालला एक स्त्री बिशप झाली. तुमच्या चर्चचा नियम काहीही असो, घरात चार बायकांनी शास्त्र उघडून बोलण्याला कुठल्याच पत्रात बंदी नाही.

नवरा हात उगारतो. मोठी माणसं म्हणतात, "पतीच्या अधीन राहा, प्रार्थना कर, प्रभू त्याला बदलेल." मी काय करू?

ताई, आधी सुरक्षित जागी जा. बाकीचं नंतर बोलू.

१८१ ही महिलांची मदतवाहिनी आहे, तातडी असेल तर ११२. २००५ चा घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असलं, तरी त्या घरात राहण्याचा हक्क त्यात आहे. मारहाण थांबवण्याचा आदेश न्यायालयाकडून मिळतो. अनेकींना वाटतं की ख्रिस्ती बाईला घटस्फोट मिळतच नाही. १८६९ च्या कायद्यात तिला फार अडचणी होत्या, हे खरं. व्यभिचाराचा पुरावा नसेल तर नुसता छळ पुरेसा धरला जात नसे. २००१ मध्ये तो कायदा बदलला आणि आता छळ हेच कारण पुरतं. घटस्फोट घ्या असा आमचा सल्ला नाही. दार बंद आहे असं समजून कोणी मार खात राहू नये, म्हणून सांगितलं.

आता वचनाचं. इफिस ५:२२ सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधीचं, २१ वं, कोणी म्हणत नाही: ख्रिस्ताच्या भयाने एकमेकांच्या अधीन असा. आणि पुढे पाचव्या अध्यायात पतींसाठी जे लिहिलं आहे ते मोजून पाहा, बायकांना सांगितलं त्याच्या कितीतरी पट आहे. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती करा. आपल्या शरीराचं पालनपोषण करता तसं तिचं करा. मारणाऱ्या माणसाने हा उतारा तोंडात घेऊच नये.

प्रार्थना तर करायचीच. शौल राजाने भाला फेकला तेव्हा दावीद देवाचा लाडका होता, गीतं रचणारा होता. तरी तो समोर उभा राहिला नाही, पळाला, आणि त्याची बायको मीखल हिने त्याला खिडकीतून उतरवलं (१ शमुवेल १९). त्याच्या विश्वासावर त्यासाठी कोणी बोट ठेवलेलं नाही.

बैठकीत ही गोष्ट कोणी बोलली तर आम्ही आधी ऐकतो. वचन सांगायची घाई कोणी करायची नाही, हे आम्ही ठरवून घेतलं आहे.

मग क्षमेचं काय? सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायला प्रभूनेच सांगितलं ना?

सांगितलं (मत्तय १८:२२). आणि क्षमा म्हणजे काय याचं उदाहरण आपल्याला लांब शोधावं लागत नाही.

इंदूरपासून जवळ, देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला सिस्टर राणी मारिया काम करत होत्या. मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. गरीब आदिवासी शेतकऱ्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला त्या उभ्या राहिल्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमधून त्यांना खाली ओढून भोसकून मारलं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि त्याला राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी कुटुंबाने मदत केली आणि २००६ मध्ये तो सुटला. केरळला जाऊन त्याने राणी मारियांच्या आईची क्षमा मागितली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच राणी मारियांना धन्य घोषित केलं गेलं. आमच्यातल्या प्रोटेस्टंट बायकाही त्या दिवसाविषयी भरून येऊन बोलतात.

यात एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका. त्याला न्यायालयाने शिक्षा दिली होती आणि त्याने वर्षं भोगली होती. क्षमा मिळाली ती गुन्हा झाकून नव्हे. आणि कोणी सेल्मी पॉलवर ती लादली नव्हती. "क्षमा कर" हे दुसऱ्याच्या जखमेकडे पाहून आपण म्हणायचं वाक्यच नाही. दाविदाने शौलाला दोनदा जिवंत सोडलं, पण त्याच्या घरी पुन्हा राहायला गेला नाही. जिला अजून क्षमा करता येत नाही तिच्यासाठी आम्ही प्रार्थना करतो, तिच्याकडे तारीख मागत नाही.

संक्रांतीला शेजारीण हळदीकुंकवाला बोलावते. जावं का? प्रसादाचं काय?

जावं. रामबागेत, लोकमान्यनगरात राहणाऱ्यांचं अर्धं शेजार यातूनच उभं आहे. तिळगूळ घ्या, वाण घ्या, आणि नाताळात त्यांच्याकडे करंज्या पाठवा.

कुंकू लावून घ्यायचं की नुसता नमस्कार करायचा, यावर आमच्यात एकमत नाही आणि ते असायची गरजही नाही. काही जणी काळ्या मण्यांच्या मंगळसूत्रात क्रूस घालतात, काही मंगळसूत्रच घालत नाहीत. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय अगदी याच प्रकारच्या मतभेदांवर लिहिलेला आहे: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. प्रसादाबद्दल १ करिंथ १० वाचा. तिथे पौल म्हणतो, कोणी जेवायला बोलावलं तर जे वाढतील ते चौकशी न करता खा. हे नैवेद्याचं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं तर मात्र त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. ज्यांना घ्यायचं नसतं त्या हसून "मला चालत नाही हो" म्हणतात, आणि शेजारणींना आजवर त्याचं वाईट वाटलेलं नाही. उपवास, पथ्य, वार हे सगळं पाळणाऱ्या घरांना "चालत नाही" हे पटकन कळतं.

लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. चर्चमध्ये सगळ्या "हन्नासारखी प्रार्थना कर" म्हणतात. आता चर्चला जावंसं वाटत नाही.

हन्नेची गोष्ट (१ शमुवेल १) बहुतेक लोक शमुवेलाच्या जन्मापासून मागे वाचतात. पुढून वाचली तर वेगळी दिसते. सवत पनिन्ना तिला वर्षानुवर्षं टोचते. नवरा प्रेमळ आहे, पण "मी तुला दहा मुलांहून अधिक नाही का" असं विचारून मोकळा होतो. आणि खुद्द याजक एली तिला दारू प्यालेली समजतो. म्हणजे मंदिरात, प्रार्थना करत असतानाही, तिचं दुःख तिथल्या माणसाला ओळखता आलं नाही. तिने मात्र त्याला तोंडावर सांगितलं, मी प्यालेली नाही, मी परमेश्वरापुढे आपलं मन ओतते आहे.

तुम्हालाही "या विषयावर मला सल्ला नको" असं सांगायचा हक्क आहे. आमच्याकडे आलात तर हा विषय तुम्ही काढल्याशिवाय कोणी काढणार नाही.

सतत उदास वाटतं, झोप नाही. हे विश्वास कमी पडल्याचं लक्षण आहे का?

नाही. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर लगेच. देवदूत त्याला उपदेश करत नाही, उठवून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर.

डॉक्टरकडे जा. बाळंतपणानंतर असं होत असेल तर नक्कीच जा, त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. गोळ्या चालू असतील तर कोणाच्या प्रार्थनेने बरं वाटलं म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नका. पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४).

पगार नवऱ्याच्या हातात असतो. मी दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) कुठून देऊ?

जे तुमच्या हातात नाही त्याचा हिशेब देव तुमच्याकडे मागत नाही. विधवेने दान टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे अगदी छोट्या नाण्यांची, गोष्ट (मार्क १२:४१-४४) पैसे गोळा करताना फार वापरली जाते. तिच्या अगदी आधीचं वचन, बारा-चाळीस, विधवांची घरं गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांविषयी आहे. दोन्ही एकत्र वाचा. बरं करतो म्हणून घरी येऊन पैसे मागणाऱ्या कोणालाही काही देऊ नका. आमच्या बैठकीला वर्गणी नाही.

वडील गेले. भाऊ म्हणतो, मुलींना वाटा नसतो. बायबलमध्ये काय आहे, कायद्यात काय आहे?

बायबलमध्ये गणना २७. सलाफहादाच्या पाच मुली मोशे, याजक आणि सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहतात आणि विचारतात की आमच्या वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांचं नाव का बुडावं? मोशे प्रश्न परमेश्वरापुढे नेतो आणि उत्तर येतं की त्यांचं म्हणणं योग्य आहे. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा ही त्यांची नावं, मुलींना शिकवण्यासारखी. छत्तिसाव्या अध्यायात त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावं अशी अट येते, तीही वाचा, म्हणजे गोष्ट पुरी होईल.

कायद्यात १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा आपल्याला लागू आहे. मृत्युपत्र नसेल, तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये, मुलगा-मुलगी समान. केरळात त्रावणकोरच्या जुन्या कायद्याने मुलींना डावललं जायचं, त्याविरुद्ध मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या आणि १९८६ मध्ये जिंकल्या. हक्कसोड पत्रावर दुःखाच्या दिवसांत सही करू नका. वकिलाला दाखवा, मग ठरवा. वाटा घेऊन भावाशी नातं ठेवणाऱ्या बहिणी आमच्यात आहेत, आणि विचार करून सोडणाऱ्याही आहेत.

बायकांनी दफनाला कबरस्तानात जावं का?

जावं. आपल्याकडे बायका जातातच, पण हिंदू शेजाराच्या रीतीने काही घरांत नव्याने संकोच शिरला आहे. चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेपाशी आधी बायकाच पोचल्या आहेत. नवरा गेलेल्या बाईला "तू घरीच थांब" म्हणणं फार क्रूर आहे.

मी कॅथलिक आहे. येऊ का?

या. तुमच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंटांच्या ६६, तेव्हा आम्ही दोन्हींत असलेली पुस्तकं घेतो. येशूची आई मरीया हिच्याविषयी वाद घालत नाही, तिचं गीत (लूक १:४६-५५) मात्र दर डिसेंबरात एकत्र वाचतो.

हिंदू मैत्रिणीला आणलं तर अडचण होईल का?

तिला यावंसं वाटत असेल तर आणा. कोणाला धर्म बदलायला सांगणं हे आमचं काम नाही. मध्य प्रदेशात २०२१ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे आणि दबाव, आमिष, फसवणूक यांनी धर्मांतर करणं गुन्हा आहे. कायदा नसता तरी तसं करणं येशूच्या रीतीला धरून झालं नसतं. पाहुणीला आम्ही प्रार्थनेचा आग्रह करत नाही, भेटवस्तू देत नाही, तिचा फोटो काढत नाही.

मी बोललेलं बाहेर जाणार नाही ना?

नाही. "अमकीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरी फार तणाव आहे" असं म्हणत गोष्ट शहरभर फिरते, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून प्रार्थनेचा विषय ज्या बाईचा, तिनेच तो सांगायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त जागा, वेळ आणि उतारा. एखादीच्या जिवाला धोका असेल तर तिला विचारून, तिच्याबरोबर मदत मागायला जातो.

पहिल्यांदा येते आहे. काय वाचून येऊ?

रूथ. चारच अध्याय, अर्ध्या तासात होतं. सासू-सून, दुष्काळ, परगाव, पोटासाठी शेतात वेचणं, सगळं ओळखीचं वाटेल. पहिल्या अध्यायाच्या शेवटी रूथची सासू नामी गावातल्या बायकांपुढे उघड म्हणते की सर्वसमर्थाने माझं आयुष्य कडू केलं. तिथे थांबा आणि पाहा, तिला कोणी गप्प करतं का. त्यावर तुम्हाला काय वाटलं, तेवढं घेऊन या. वही लागत नाही. चष्मा असेल तर आणा, घरोघरची जुनी बायबलं बारीक अक्षरांची आहेत.